जुनी सोशल मीडिया ॲनालिसिस स्क्रिप्ट परत चालू करताना: कामाच्या नोंदी

ही स्क्रिप्ट मॅस्टोडॉनवरच्या (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांचं मिळून बनलेलं सोशल नेटवर्क) ठराविक मराठी हॅशटॅगखालच्या पोस्ट गोळा करते, त्यातले शब्द मोजते, रोज किती पोस्ट पडल्या ते काढते, कोण कोणाला उत्तर देतंय त्याचं जाळं बनवते आणि शेवटी चार्ट आणि वर्डक्लाउड काढून देते. २०२० च्या शेवटी पायथॉन ३.८ वर लिहिलेली, नंतर कोणी हात लावलेला नाही. आता पायथॉन ३.१२ वर चालवायचीय. ज्यांच्याकडे अशीच जुनी स्क्रिप्ट पडून आहे आणि मजकूर देवनागरी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय. एरर देऊन थांबणाऱ्या गोष्टी पटापट सुटल्या. जास्त वेळ खाल्ला तो एरर न देता चुकीचे आकडे देणाऱ्या गोष्टींनी, म्हणून त्यावरच जास्त लिहिलंय.

२ ऑगस्ट २०२५

रिक्वायरमेंट्सची (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीची) फाइल उघडली तर नुसती नावं, एकाही नावापुढे व्हर्जन नाही. सिस्टमच्या पायथॉनवर पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) चालवलं तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून नकार आला, नव्या लिनक्सवर हे येतंच, वेगळं व्हेन्व (फक्त या कामापुरतं स्वतंत्र पायथॉन वातावरण) करायचं आणि पुढे जायचं. व्हेन्वमध्ये "एसकेलर्न" या नावावर अडकलं. पॅकेजचं खरं नाव सायकिट-लर्न (मशीन लर्निंगची लायब्ररी), एसकेलर्न हे नाव पिपसाठी नुसतं वाट दाखवायला ठेवलेलं होतं आणि डिसेंबर २०२३ पासून ते इन्स्टॉलच होत नाही. फाइलमध्ये नाव बदललं.

मग इम्पोर्टलाच "डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही". डिस्टयुटिल्स पायथॉन ३.१२ मधून काढून टाकलंय. स्क्रिप्टला त्यातलं एकच फंक्शन हवं होतं, "यस"/"नो" चं ट्रू/फॉल्स करणारं, ते चार ओळींत स्वतः लिहिलं. त्यानंतर डेटाफ्रेमला अपेंड नाही (पांडाज, म्हणजे टेबल हाताळणारी लायब्ररी, २.० मध्ये काढलं), एनपी.फ्लोट नाही (नमपाय, म्हणजे आकडेमोडीची लायब्ररी, १.२४ मध्ये काढलं), गेट_फीचर_नेम्स नाही (सायकिट-लर्न १.२ मध्ये काढलं). एक दुरुस्त केलं की पुढचं.

इथे हात थांबवला. असं एकेक करत शेवटपर्यंत गेलं असतं तर स्क्रिप्ट चालली असती, पण येणारा आकडा पूर्वीचाच आहे की दुरुस्तीत बदललाय हे कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून ठरवलं की आधी जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी जुन्या व्हर्जनांवर चालवायची, तिचं आउटपुट जपून ठेवायचं आणि मगच दुरुस्ती सुरू करायची.

३ ऑगस्ट

जुनं वातावरण उभं करण्यात सगळी दुपार गेली. पायएन्व्ह या टूलने पायथॉन ३.८ कंपाइल केलं, झालंही, पण पांडाज इम्पोर्ट केल्यावर "_बीझेड२ मॉड्यूल नाही". कंपाइल करताना सिस्टमवर बीझिप२ ची डेव्हलपमेंट लायब्ररी नसेल तर पायथॉन तक्रार न करता त्या मॉड्यूलशिवाय तयार होतो, शेवटी एक छोटीशी वॉर्निंग असते ती वर सरकून जाते. लायब्ररी टाकून परत कंपाइल करावं लागतं.

त्यापेक्षा युव्ही (पायथॉन आणि पॅकेजेस टाकून देणारं दुसरं टूल) सोपं पडलं. ते तयार पायथॉन ३.८ उतरवून देतं आणि त्याच्यात "एक्सक्लूड-न्यूअर" नावाचा ऑप्शन आहे, त्याला तारीख दिली की त्या तारखेनंतर आलेल्या व्हर्जन्स जणू नाहीतच असं धरून तो पॅकेजेस निवडतो. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) लॉगमध्ये स्क्रिप्टचा शेवटचा बदल नोव्हेंबर २०२० चा होता, ती तारीख दिली. पांडाज १.१, नमपाय १.१९, सायकिट-लर्न ०.२३, नेटवर्कएक्स (जाळ्यांची लायब्ररी) २.५ असा संच आला. व्हर्जन लिहून न ठेवलेल्या कुठल्याही जुन्या कोडसाठी हा ऑप्शन फार कामाचा आहे, अंदाजाने व्हर्जन जुळवत बसण्यात दिवस जातात.

एक राहिलं, "कम्युनिटी". स्क्रिप्ट म्हणते इम्पोर्ट कम्युनिटी आणि रिक्वायरमेंट्समध्येही कम्युनिटीच लिहिलेलं, पण त्या नावाचं पॅकेज वेगळंच काहीतरी आहे, त्यात बेस्ट_पार्टिशन (जाळ्यातले गट काढणारं फंक्शन) नाही. हवं असलेलं पॅकेज पायथॉन-लूव्हेन, इन्स्टॉल करायचं या नावाने आणि इम्पोर्ट होतं कम्युनिटी नावाने. चुकीचं आधी काढून मग बरोबर टाकायचं, दोन्ही एकत्र राहिली की कुठलं उचललं जाईल सांगता येत नाही.

५ ऑगस्ट

जुनी स्क्रिप्ट चालली. पण ती एकाच दमात पोस्ट आणते आणि मोजते, त्यामुळे प्रत्येक वेळी डेटा वेगळा, तुलना कशाशी करणार? तिचे दोन भाग केले. पहिला भाग फक्त आणतो आणि सर्व्हरने दिलेला जेसन (डेटाचा मजकुरी फॉरमॅट) जसाच्या तसा, ओळीला एक पोस्ट, फाइलमध्ये ठेवतो. दुसरा भाग नेटवर्कला हातच लावत नाही, त्या फाइलवरून मोजतो.

थोडा नमुना डेटा गोठवला, त्यावर जुन्या वातावरणात दुसरा भाग चालवला आणि जे काही बाहेर पडलं (शब्दांची यादी, रोजचे आकडे, जाळ्यातल्या कडा) ते "आधी" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून गिटमध्ये टाकलं. इथून पुढे कुठलाही बदल केला की त्याच नमुन्यावर चालवायचं आणि डिफ (आधीच्या आणि आताच्या आउटपुटमधला फरक) बघायचा. डिफ आला तर तो का आला हे कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

हे करताना कोडमध्येच ॲक्सेस टोकन (सर्व्हरसाठीची पासवर्डसारखी किल्ली) लिहिलेलं सापडलं. ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवलं. नुसतं फाइलमधून पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ते राहतंच, त्यामुळे जुनं टोकन रद्द करून नवीन घेतलं.

९ ऑगस्ट

पांडाज. थेट २ वर उडी न मारता आधी १.५ वर गेले, कारण पुढे काय काय जाणार आहे त्याच्या वॉर्निंग १.५ देतं. पायथॉनला डॅश डब्ल्यू लावून फ्युचरवॉर्निंगला एरर करायला सांगितलं की स्क्रिप्ट नेमकी त्या ओळीवर थांबते, शोधावं लागत नाही.

अपेंड लूपच्या आत होतं, दर पोस्टला आख्खी टेबल नव्याने कॉपी व्हायची. तिथे कॉन्कॅट टाकलं तर चालतं पण हळूपणा तसाच राहतो. साध्या लिस्टमध्ये डिक्शनऱ्या गोळा करून शेवटी एकदाच डेटाफ्रेम केली, वेळेत फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडला. ग्रुपबायनंतरच्या मीनला न्यूमेरिक_ओन्ली सांगावं लागलं. वेळेच्या गटांसाठी "तास" सांगणारं मोठं एच आता छोटं एच झालंय (पांडाज २.२ पासून वॉर्निंग येते). या सगळ्यात डिफ शून्य.

रिक्वेस्ट्सच्या (सर्व्हरला विनंती पाठवणारी लायब्ररी) रिट्राय सेटिंगमधलं मेथड_व्हाइटलिस्ट युआरएललिब३ २.० ला चालत नाही, तिथे अलाउड_मेथड्स. पाच मिनिटांचं काम.

१० ऑगस्ट

नेटवर्कएक्स ३. जाळ्याचा सारांश छापणारं एनएक्स.इन्फो गेलंय, साधा प्रिंट केला. कम्युनिटी काढण्यासाठी नेटवर्कएक्सच्या आतच लूव्हेन_कम्युनिटीज आलंय म्हणून पायथॉन-लूव्हेन काढून टाकलं, एक डिपेंडन्सी कमी झाली आणि तो नावाचा घोळही संपला. जुनं डिक्शनरी द्यायचं, नवं सेट्सची लिस्ट देतं, एवढं बदलावं लागतं. सीड (रँडम निवडीसाठी सुरुवातीचा ठरलेला आकडा) द्यायलाच हवा, नाहीतर प्रत्येक रनला गट थोडे इकडेतिकडे होतात आणि डिफचा काही अर्थ राहत नाही. गटांना क्रमांकही आकारमानाने लावले, नाहीतर गट तोच पण चार्टवर रंग दरवेळी वेगळा.

जाळं बघताना एक खटकलं. नोड्समध्ये अशा खूप पोस्ट होत्या ज्या मूळ डेटात नव्हत्याच. उत्तर कशाला दिलंय ती पोस्ट आमच्याकडे नसेल असं समजून हे आधी सोडून दिलेलं होतं. पण प्रमाण फारच जास्त वाटलं, त्यामुळे पुढच्या शनिवारसाठी लिहून ठेवलं.

१६ ऑगस्ट

तो नोड्सचा प्रश्न सापडला, आणि हा जुन्या स्क्रिप्टमध्येही पहिल्यापासून होता.

मॅस्टोडॉन आयडी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून देतं. स्क्रिप्ट मधल्या एका टप्प्यात ते सीएसव्हीत लिहायची आणि परत वाचायची. वाचताना पांडाज पोस्टच्या आयडीच्या कॉलमला पूर्णांक समजतं, तिथवर ठीक. पण "कशाला उत्तर" या कॉलममध्ये बऱ्याच जागा रिकाम्या असतात, आणि रिकामी जागा असलेला आकड्यांचा कॉलम पांडाज फ्लोट (दशांश संख्या) करून टाकतं. फ्लोटमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळेच पूर्णांक नेमके बसत नाहीत. मॅस्टोडॉनचे आताचे आयडी १८ आकडी आहेत, त्या आकाराला फ्लोट १६ च्या पटीतच आकडे धरू शकतो. म्हणजे आयडी १६ ने भाग जाणारा असेल तरच तो टिकतो, बाकी सगळ्यांचे शेवटचे आकडे बदलतात. मग स्क्रिप्ट त्याचं परत पूर्णांक आणि पूर्णांकाचं स्ट्रिंग करायची, त्यामुळे टिंब शून्यही दिसत नव्हतं आणि आयडी दिसायला अगदी खरा.

परिणाम असा की बहुतेक उत्तरं अस्तित्वात नसलेल्या पोस्टला जोडलेली होती. "इथे संवाद कमी आहे, लोक एकमेकांना फारसं उत्तर देत नाहीत" असा निष्कर्ष जुन्या रिपोर्टमध्ये लिहिलेला आहे. तो या कॉलमवरून निघाला होता.

दुरुस्ती एका ओळीची: सीएसव्ही वाचताना सगळ्या आयडी कॉलमना डीटाइप एसटीआर. आयडीवर बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, तो आकडा दिसला तरी नाव आहे असंच धरायचं. शिवाय सगळ्या फेडिरेटेड (एकमेकांशी जोडलेल्या) सर्व्हरांचे आयडी आकडीच असतात असंही नाही, प्लेरोमा आणि गोटूसोशल या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या आयडीत अक्षरं असतात, तिथे इंट करायला गेलं की सरळ एरर.

"आधी" फोल्डरशी मोठा डिफ आला, तो समजून घेऊन पुढचा आधार म्हणून नवीन आउटपुट ठेवलं आणि कमिटमध्ये कारण लिहिलं.

१७ ऑगस्ट

पांडाज २ वर गेल्यावर रोजच्या पोस्टचे आकडे कोसळले. एरर नाही, वॉर्निंग नाही.

२.० पासून टू_डेटटाइम पहिल्या किमतीवरून फॉरमॅट ठरवतं आणि बाकी सगळ्यांनी तोच पाळावा अशी अपेक्षा ठेवतं. आमच्या जुन्या साठ्यात वेळा सेकंदापर्यंतच होत्या, नव्यात मिलिसेकंद आहेत. साध्या परिस्थितीत यावर एरर येतो आणि एररमध्येच उपायही सांगितलेला असतो. पण स्क्रिप्टमध्ये एरर्स इक्वल्स कोअर्स लिहिलेलं होतं, म्हणजे न जुळणारी वेळ गुपचूप रिकामी करायची, आणि पुढच्याच ओळीत ड्रॉपएनए, म्हणजे रिकामी वेळ असलेली पोस्टच फेकून द्यायची. दोन ओळी मिळून डेटा गिळत होत्या.

फॉरमॅट म्हणून आयएसओ८६०१ दिलं, युटीसी ट्रू केलं, कोअर्स काढून टाकलं. कोअर्स वापरायचंच असेल तर आधी आणि नंतर रिकाम्या किती आहेत ते मोजून छापा, आणि वाढल्या तर स्क्रिप्ट थांबवा.

याच जागी आणखी एक. वेळ युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते आणि स्क्रिप्ट तिचाच दिवस काढायची. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत लिहिलेली प्रत्येक पोस्ट आदल्या दिवसात पडत होती. आधी टाइमझोन बदलायचा, मग दिवस काढायचा.

२३ ऑगस्ट

शब्दांकडे वळले. यादीत सगळ्यात वर "एचटीटीपीएस", त्याखाली लिंकांचे तुकडे.

मॅस्टोडॉन पोस्टचा मजकूर एचटीएमएल म्हणून देतं. लांब लिंक दिसायला छोटी दिसावी म्हणून ती दोन-तीन स्पॅनमध्ये (एचटीएमएलच्या छोट्या टॅगमध्ये) तोडलेली असते, हॅशटॅगमध्ये हॅशचं चिन्ह बाहेर आणि शब्द स्पॅनच्या आत. स्क्रिप्ट ब्युटिफुलसूपच्या (एचटीएमएल वाचणारी लायब्ररी) गेट_टेक्स्टला सेपरेटर म्हणून स्पेस द्यायची, म्हणून लिंकचे तुकडे सुटे शब्द झाले आणि हॅश एकीकडे, शब्द एकीकडे. सेपरेटर काढला तर उलटा त्रास, एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द चिकटून "पडलापण" असे शब्द यायला लागले.

शेवटी असं ठेवलं: आधी सगळे ब्रेक टॅग नव्या ओळीने बदलायचे, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी नवी ओळ घालायची, लिंक, मेन्शन आणि हॅशटॅगचे अँकर टॅग आख्खेच काढून टाकायचे आणि मग सेपरेटर न देता मजकूर घ्यायचा. हॅशटॅग आणि मेन्शन जेसनमध्ये वेगळ्या फील्डमध्ये नीट मिळतात, ते मजकुरातून खणून काढायची गरजच नाही.

२४ ऑगस्ट

सगळ्यात महत्त्वाची नोंद ही. देवनागरी मजकुरावर पायथॉन वापरणाऱ्या प्रत्येकाने एवढी तरी वाचावी.

लिंका गेल्यावर शब्दांची यादी परत बघितली. घर, मदत, ऊस, सरक, मध, आण. पहिले तीन ठीक वाटतात. पण "सरक" आणि "मध" इतक्या वेळा कोण लिहील? आणि नाही, काही, होते हे शब्द कुठे गेले, ते तर प्रत्येक पोस्टमध्ये असतात.

सायकिट-लर्नचं काउंटव्हेक्टरायझर शब्द तोडायला जो डिफॉल्ट पॅटर्न वापरतं त्याचा अर्थ "दोन किंवा जास्त वर्ड-कॅरेक्टर सलग". आणि पायथॉनच्या आरई मॉड्यूलमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही वर्ड-कॅरेक्टर नाहीत. प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि एका अक्षराचे तुकडे फेकले जातात. सरकार चं "सरक", मध्ये चं "मध", आणि चं "आण". नाही मधले न आणि ह सुटे पडले म्हणून आख्खा शब्दच गायब. पाऊस मधला काना तोडला की उरतं "ऊस". पावसाळ्याच्या महिन्यांत उसाची चर्चा वाढते असं आमच्या जुन्या रिपोर्टमध्ये आलेखासकट आहे.

हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही तर यादीतले बरेच तुकडे खरे शब्दच होते. घरात, घराच्या, घरी या सगळ्यांचं "घर" होत होतं, त्यामुळे ते तर उलट चांगलंच वाटायचं. एररची वाट बघत बसलं असतं तर ही गोष्ट कधीच सापडली नसती, यादी हातात घेऊन एकेक शब्द मूळ पोस्टमध्ये शोधून बघितला तेव्हा सापडली.

दुरुस्तीसाठी पॅटर्न स्वतः लिहिला. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, पण तो सरसकट घेतला तर दंड आणि दुहेरी दंड (०९६४, ०९६५) शब्दाला चिकटतात. आणि ०९६३ ला थांबलं तर ०९७२ वरचा "ॲ" बाहेर राहतो, मग ॲप मधलं फक्त "प" उरतं. म्हणून ०९०० ते ०९६३ आणि ०९७० ते ०९७एफ असे दोन तुकडे घेतले, देवनागरी अंक मुद्दाम वगळले. हे फंक्शन टोकनायझर म्हणून दिलं आणि टोकन_पॅटर्नला नन, नाहीतर एक वॉर्निंग येत राहते. देवनागरीसाठी तयार लायब्ररीही आहेत, पण एका पॅटर्नसाठी अजून एक डिपेंडन्सी घ्यायची नव्हती.

विषय शोधणाऱ्या भागात टीएफआयडीएफव्हेक्टरायझर (शब्दांना महत्त्वाप्रमाणे वजन देणारं) आहे, तिथे हाच टोकनायझर लावला तरी "परशन", "शकय" असले शब्द येत राहिले. तिथे स्ट्रिप_ॲक्सेंट्स युनिकोड लावलेलं. युरोपियन लिप्यांतल्या अक्षरांवरच्या खुणा काढायला ते ठीक, पण देवनागरीत ते हलन्त आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) पुसतं, त्यामुळे प्रश्न चं परशन. काढून टाकलं.

आता घर, घरात, घराच्या वेगवेगळे मोजले जातात आणि नुसत्या "घर" चा आकडा पूर्वीपेक्षा कमी दिसतो. हे बरोबर आहे, प्रत्यय लागलेली रूपं एकत्र करणं हे वेगळं काम आहे आणि ते मात्रा गाळून आपोआप झालेलं नको. सध्या वरच्या शंभरेक शब्दांपुरता रूपांचा तक्ता हाताने केलाय.

२५ ऑगस्ट

कालचंच पुढे. यादीत दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात पण दोन वेगळ्या ओळींत. बाइट छापून बघितले.

"ॲ" दोन प्रकारे टाइप होतो, एकच अक्षर म्हणून (०९७२) किंवा अ आणि वर चंद्र असे दोन मिळून. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (समान अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत) हे एक होत नाहीत, ते दोन्ही युनिकोडच्या हिशोबाने समान नाहीतच. तसंच ऱ्या मधला अर्धा र: कोणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, कोणाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच.

सोपा उपाय म्हणून न दिसणारी अक्षरं पुसून टाकावीत असं वाटेल, पण तसं केलं की दऱ्या चा दर्या होतो, डोंगरातला शब्द समुद्रात जातो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त, मग अ-चंद्र च्या जागी ॲ, आणि यानंतर उरलेले जॉइनर फक्त देवनागरी शब्दांतून काढायचे. आख्ख्या मजकुरातून काढले तर कुटुंबाचे वगैरे जोड-इमोजी फुटतात, तेही जॉइनरनेच बांधलेले असतात.

या प्रत्येकासाठी छोटी टेस्ट लिहिली, आत शब्द आणि बाहेर काय यायला हवं. टेस्टच्या फाइलमध्ये अक्षरं थेट न लिहिता कोडपॉइंट लिहिलेत, कारण एडिटर किंवा कॉपी-पेस्ट परस्पर बदल करू शकतात आणि दिसत तर काहीच नाही.

३० ऑगस्ट

आणणारा भाग. रोजच्या आलेखाचं वरचं टोक सपाट का दिसतं हे कधीचं कुतूहल होतं.

स्क्रिप्ट एका विनंतीत १०० पोस्ट मागायची आणि १०० पेक्षा कमी आल्या तर "संपलं" समजून थांबायची. मॅस्टोडॉन हॅशटॅगच्या टाइमलाइनवर एका वेळी जास्तीत जास्त ४० देतं. म्हणजे दरवेळी पहिल्याच पानावर काम थांबायचं. स्क्रिप्ट दर तासाला चालायची त्यामुळे शांत वेळी काही चुकत नव्हतं, पण एखाद्या विषयावर गर्दी झाली, म्हणजे नेमकं जे मोजायचं तेव्हाच, तासाला ४० च्या वरचं सगळं हरवत होतं.

आता उत्तरासोबत येणाऱ्या लिंक हेडरमधला "नेक्स्ट" पत्ता घेते (रिक्वेस्ट्समध्ये तो रिस्पॉन्सच्या लिंक्समध्ये तयार मिळतो) आणि तो नसेल किंवा आधीच साठवलेल्या पोस्टपर्यंत पोचलं तरच थांबते. मॅक्स_आयडी स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका, स्ट्रिंग आयडींचा मिनिमम घेताना लांबी वेगळी असली की चुकीचा निघतो.

रेट लिमिट (ठराविक वेळात किती विनंत्या चालतील ती मर्यादा): डिफॉल्ट सेटिंग पाच मिनिटांत ३०० विनंत्या. पुढची संधी कधी ते हेडरमध्ये आयएसओ वेळ म्हणून येतं, स्क्रिप्ट त्याला सेकंदांचा आकडा समजून इंट करायची, एरर यायचा, आणि तो एरर नुसत्या एक्सेप्ट-पासमध्ये (एरर आला तरी काही न करता पुढे जा) गिळला जायचा. म्हणजे थांबायचं सोडून ती सर्व्हरला परत परत विचारत राहायची. बरेच सर्व्हर लोक स्वतःच्या वेळातून आणि खिशातून चालवतात, त्यांच्यावर असा मारा करणं बरोबर नाही, म्हणून लिमिट संपायच्या आतच थोडं थांबून जायचं असं केलं. कोडमधले सगळे एक्सेप्ट-पास शोधून काढले.

दोन सर्व्हरवरून डेटा घेतला की तीच पोस्ट दोनदा. आयडी प्रत्येक सर्व्हरचा आपापला असतो, पोस्टची ओळख सगळीकडे एकच राहते ती युआरआय फील्डमध्ये. डुप्लिकेट काढायचे ते युआरआयवरून, आणि पोस्ट एडिट झालेली असेल तर नवी प्रत ठेवायची. खात्यांची नावं साठवत नाही, त्यांचा हॅश (नावावरून काढलेला सांकेतिक कोड) ठेवते, जाळ्यासाठी तेवढं पुरतं.

६ सप्टेंबर

चार्ट. मॅटप्लॉटलिबच्या डिफॉल्ट फॉन्टमध्ये देवनागरी नाही म्हणून चौकोन. नोटो सान्स देवनागरी दिला, चौकोन गेले पण "किती" मधली वेलांटी क च्या नंतर आणि जोडाक्षरं सुटी. फॉन्ट बदलून बघण्यात बराच वेळ गेला, त्याचा उपयोग नव्हता, कारण अक्षरं जुळवायचं कामच आमच्या व्हर्जनमध्ये होत नाही. उपाय: चार्ट एसव्हीजीत (ब्राउझर दाखवू शकतो असा चित्राचा फॉरमॅट) काढायचा आणि एसव्हीजी.फॉन्टटाइप ला "नन" द्यायचं. मग मजकूर चित्र न होता मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. पीएनजी हवा असेल तर ब्राउझरमधूनच काढायचा.

वर्डक्लाउड पिलोवर (चित्रांची लायब्ररी) चालतं. पिलो १० मध्ये टेक्स्टसाइझ काढल्याने जुनं वर्डक्लाउड पडतं, नवं घेतलं की काम होतं. पिलोमध्ये रॅक्म (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) असेल तर देवनागरी बरोबर येते, पिलोच्या फीचर्स.चेकने ते तपासता येतं. पण त्याचा स्वतःचा शब्द तोडायचा पॅटर्न परत तोच मात्रा तोडणारा, म्हणून मजकूर न देता आपणच मोजलेले शब्द आणि आकडे जनरेट_फ्रॉम_फ्रिक्वेन्सीजला द्यायचे.

एक्सेलसाठी सीएसव्ही युटीएफ-८-सिग (सुरुवातीला एक खूण ठेवणारं युटीएफ-८) मध्ये लिहिली. तीच फाइल पायथॉनमध्ये परत साध्या ओपनने युटीएफ-८ म्हणून वाचली की पहिल्या कॉलमच्या नावाआधी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि "असा कॉलमच नाही" म्हणून एरर. वाचतानाही सिगच द्यायचं.

७ सप्टेंबर

शेवटी नमपाय २. इम्पोर्ट करतानाच "नमपाय.डीटाइप साइझ चेंज्ड". कुठलंतरी कंपाइल केलेलं पॅकेज नमपाय १ वर बांधलेलं असलं की हे येतं. पांडाज २.२.२ पासून नमपाय २ चालतं, आमच्याकडे मधल्या काळात मीच लावलेली एक जुनी मर्यादा फाइलमध्ये राहिली होती, ती काढली. असं एखादं पॅकेज नवीन होतच नसेल तर तेवढ्यापुरतं नमपाय २ च्या खाली ठेवणं हाच मार्ग.

रिक्वायरमेंट्स दोन फाइलींत केल्या, एकीत आपल्याला थेट लागणारी नावं, दुसरीत त्यावरून युव्हीने काढलेली सगळी नेमकी व्हर्जन्स. दोन्ही गिटमध्ये. नमुना डेटावरचा डिफ आता प्रत्येक बदलाला आपोआप चालतो.

जुने रिपोर्ट परत काढायला घेतले. ज्या महिन्यांचा कच्चा जेसन आहे त्यांचे शब्द, तारखा आणि जाळं नव्याने काढून झालं, उसाचा आलेख गेला आणि त्या जागी पाऊस आला, उत्तरांचं जाळं चांगलंच दाट निघालं. गर्दीच्या वेळी न आणलेल्या पोस्ट मात्र परत मिळणार नाहीत, त्यामुळे ३० ऑगस्टच्या आधीच्या प्रत्येक आलेखाखाली "तासाला ४० पर्यंतच" अशी ओळ टाकलीय. २०२१ आणि २०२२ चा कच्चा डेटा ठेवलेलाच नाही, फक्त मोजलेले तुकडे आहेत. ते रिपोर्ट मागे घेतलेत. प्रत्ययांचा तक्ता अपुरा आहे, त्याचं काम चालू आहे.